घाटातली ट्रकमंडळी: जुन्या टाटा-मर्सिडीजची पार्श्वभूमी

बोरघाटातला गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. ट्रकशौकिनांचा घाटाशी जमलेला स्नेह मात्र फार अलीकडचा आहे. 1954 मध्ये जर्मन कंपनीशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. 1969 ला करार संपला, जाळीवरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा उतरला आणि त्या जागी टाटांचा टी आला. आज जे बोनेटवाले ट्रक जपले जातात त्यांतले बरेचसे याच काळातले, किंवा लगेच नंतरचे. त्याआधीच्या पेट्रोलवरच्या डॉज, फार्गो, बेडफर्डचा इतिहास वेगळा.

या ट्रकांतलं ओएम 312 इंजिन सहा सिलिंडरचं, 90 मिमी बोअर आणि 120 मिमी स्ट्रोकचं, म्हणजे 4,580 सीसी. ताकद साधारण 90 अश्वशक्ती. भरलेली गाडी घेऊन कुंभार्ली किंवा फोंडा चढायचा तर दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीपेक्षा थोड्या जास्त वेगाने. अशा वेगात झाडं, झरे, दरीतलं धुकं सगळं नीट दिसतं. जुन्या ट्रकचा शौक आणि डोंगराची ओढ एकाच माणसात सापडते, त्याचं मोठं कारण हा वेग आहे.

या मंडळींच्या आपसातल्या दोस्तीचं कारण उतारावर सापडतं. या पिढीच्या बऱ्याच गिअरबॉक्सना सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हता. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरचा एक झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. उतारावर हे चुकलं तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते, वेग वाढतो आणि गिअर पुन्हा बसत नाही. म्हणून गिअर घाटमाथ्यावरच, उतार लागण्याआधी पाडून घ्यायचा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम तिथूनच आला. केवळ ब्रेकवर उतरलं की ड्रम तापून फुगतात, लायनिंगची पकड जाते आणि पेडल खाली जाऊ लागतं. डॉट 3 दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल 205 अंशांना उकळतं, ओल शोषलेलं मात्र 140 लाच. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल थेट फळीला टेकतं. चाकातून येणारा धूर चालकाच्या आधी मागच्या गाडीला दिसतो. म्हणूनच ही मंडळी घाटात एकट्याने जात नाहीत. दोन गाड्यांत एका वळणाचं तरी अंतर ठेवतात, आणि थांबल्यावर लाकडी ठोकळा घेऊन उतरणारा माणूस आधीच ठरलेला असतो. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा जुना शिष्टाचार 1989 च्या रस्ता नियमांतही लिहिलेला होता.

खरा गुंता आहे तो ‘व्हिंटेज’ या शब्दाचा. मोटारींच्या जुन्या जगात व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930 मधली गाडी, त्यापुढची क्लासिक. त्या हिशेबाने आपला एकही टाटा-मर्सिडीज व्हिंटेज नाही. जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला हे नाव दिलं. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000, मुदत दहा वर्षं, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. वयाच्या कसोटीवर 1965 चा ट्रक सहज बसतो. पण व्याख्येत दुचाकी आणि एम1 हे वर्गच घेतलेत. एम1 म्हणजे चालकाशिवाय जास्तीत जास्त आठ आसनांची प्रवासी गाडी. माल वाहणारा ट्रक एन वर्गातला, म्हणून तो बाहेर राहिला.

हा निर्णय अपुरा आहे. सांभाळलेली मोटार वारसा ठरते आणि देशाचा माल ज्याने डोंगरापार नेला तो ट्रक केवळ जुनं मालवाहू वाहन उरतो. गाडी ‘मूळ स्वरूपात’ असावी ही त्या नियमातली अट तर ट्रकला लावायची कशी, हाही प्रश्नच. हे ट्रक बहुतेक वेळा पुढचा दर्शनी भाग आणि चासी एवढेच विकले जात. केबिन आणि हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधत, दर काही वर्षांनी नवा. मग मूळ म्हणायचं कशाला? चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, बोनेट आणि जाळी यांवरच निवाडा व्हावा, हेच रास्त. मात्र इंजिन बदलून पुढच्या काळातलं 5,675 सीसीचं 697 बसवलेलं असेल, तर ती गाडी या कसोटीलाही उतरत नाही.

परिणामी ट्रक मालवाहू म्हणूनच कागदावर ठेवावा लागतो. आठ वर्षांपुढे फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी, आणि 15 वर्षांपुढच्या जड वाहनाला त्याचं शुल्क 1 एप्रिल 2022 ला 12,500 रुपये करण्यात आलं होतं. तपासणीच्या आधी सगळी मंडळी एका ट्रकभोवती जमतात ती बहुधा ब्रेकसाठी. व्हील सिलिंडरचे रबर कप कोरडे पडलेले असतात. ते बदलले की ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा काढायची, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून. हे काम एकट्याचं नव्हे. एकजण पेडल दाबून ‘धरलं’ म्हणतो, दुसरा खाली चाकाजवळचं हवा सोडायचं निपल सैल करून बुडबुडे जाऊ देतो आणि ते पुन्हा आवळून ‘सोड’ म्हणतो. पेडल त्याआधी सुटलं तर हवा परत आत जाते आणि त्या चाकाचं काम पहिल्यापासून करावं लागतं.