दुग्धसेवन आणि नाक-सायनस चोंदणे

दूध, दही, चीज, आइस्क्रीम असे पदार्थ खाल्ल्याने नाकात व सायनसमध्ये कफ वाढतो, घट्ट होतो आणि नाक बंद होते, असा समज जगाच्या अनेक भागांत शतकानुशतके चालत आला आहे. प्रयोगांत त्याला फारसा आधार मिळालेला नाही. पण दूध प्यायल्यावर घशाला काहीतरी चिकटल्यासारखे वाटते, अशी तक्रार करणाऱ्यांना वेड्यात काढण्याचेही कारण नाही. त्यांना जाणवते ते खरेच असते. फक्त तो शेंबूड नसतो.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या. गालांच्या हाडांत, कपाळात, डोळ्यांच्या मधल्या भागात आणि नाकामागे खोलवर अशा त्यांच्या चार जोड्या असतात. (‘मला सायनस आहे’ हे आपण आजाराच्या अर्थाने म्हणतो, पोकळ्या बहुतेक सगळ्यांनाच असतात.) या पोकळ्यांना आतून श्लेष्मल त्वचेचे पातळ अस्तर असते आणि त्यातील पेशी व ग्रंथी सतत चिकट स्राव तयार करतात. हा स्राव जवळजवळ सगळा पाणीच असतो. त्याला चिकटपणा येतो तो म्यूसिन नावाच्या प्रथिनांमुळे. अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस तो घशाकडे ढकलत राहतात आणि दिवसभर आपण तो नकळत गिळत असतो.

नाक चोंदण्याचे कारण मात्र बहुधा वेगळेच असते. नाकाच्या आतील रक्तवाहिन्यांनी भरलेला भाग सुजतो आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणूनच कितीही शिंकरले तरी नाक मोकळे होत नाही आणि रुमालही कोरडाच राहतो. दुधाने कफ वाढतो असे घटकाभर मानले, तरी त्यानेच नाक बंद झाले असे लगेच ठरत नाही.

समजाची मुळे जुनी आहेत. चरकसंहितेत रात्री दही खाऊ नये असे सांगितले आहे आणि आयुर्वेदात दूध-दही कफवर्धक मानले जाते. पण तिथला कफ हा तीन दोषांपैकी एक, सबंध शरीराशी निगडित असलेला. खोकल्यातून पडणारा बेडका नव्हे. मराठीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. बाराव्या शतकातील यहुदी वैद्य मायमोनिडीझ यांनीही दम्यावरील ग्रंथात दुधामुळे डोके भरल्यासारखे होते असा इशारा दिला होता. विसाव्या शतकात अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील अत्यंत खपाच्या पुस्तकातून हाच सल्ला घराघरांत पोहोचला.

या समजाची सर्वांत परिचित परीक्षा ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झाली. ती 1990 मध्ये प्रसिद्ध झाली. 60 निरोगी स्वयंसेवकांना सर्दीच्या विषाणूची मुद्दाम लागण करण्यात आली आणि रोज किती दूध प्यायले याची नोंद 10 दिवस ठेवण्यात आली. कोणी दुधाला शिवलेही नाही, तर कोणी दिवसाला 11 ग्लासांपर्यंत प्यायले. नाक पुसलेले कागदी रुमाल गोळा करून त्यांचे वजन केले गेले. काम ओंगळ, पण त्यामुळे ‘मला वाटते’ला जागा उरली नाही. दुधाचे प्रमाण आणि स्रावाचे वजन यांत कोणताही संबंध दिसला नाही. दुधाने कफ होतो असे आधीपासून मानणाऱ्यांनी खोकला व नाक चोंदण्याच्या तक्रारी जास्त नोंदवल्या, त्यांचे रुमाल मात्र इतरांपेक्षा जड भरले नाहीत.

मग घशात जाणवते ते काय? 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात 125 जणांना गाईचे दूध किंवा सोयापेय देण्यात आले. चव अशी केली होती की काय पितो आहोत ते ओळखू येऊ नये. घशावर थर बसल्यासारखे वाटणे, लाळ दाट होणे, पुन्हा पुन्हा आवंढा गिळावासा वाटणे या जाणिवा सोया पिणाऱ्यांनीही तितक्याच सांगितल्या. दूध हे पाण्यात विखुरलेल्या स्निग्ध कणांचे मिश्रण आहे. लाळेतील म्यूसिनशी गाठ पडताच असे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होऊ शकतात आणि तोंडातले मिश्रण थोडा वेळ दाट लागते. जिभेला व घशाला तो दाटपणा कफासारखाच भासतो.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, पण 2019 मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासाने थोडी खळबळ उडवली. घशात सतत कफ साचल्याची तक्रार असलेल्या 108 प्रौढांचे दुग्धजन्य पदार्थ बंद केले गेले. नंतर एका गटाला गाईचे दूध आणि दुसऱ्याला सोयादूध, कोणते ते न सांगता, रोज 350 मिली देण्यात आले. सोयाच्या गटाने कफ कमी झाल्याचे सांगितले. इथे रुमालांचे वजन नव्हते, रुग्णांचे म्हणणेच मोजमाप होते, ही त्यातली उणीव. तरीही तो निष्कर्ष झटकून टाकता येत नाही, कारण ॲडलेडचे स्वयंसेवक निरोगी होते आणि हे लोक तक्रार घेऊन आलेले होते. काही प्रकारच्या दुधाच्या पचनात तयार होणारा बीटा-कॅसोमॉर्फिन-7 हा प्रथिनांश स्रावग्रंथींना चेतवत असावा, अशी एक कल्पना 2010 मध्ये मांडली गेली होती. नाकाच्या बाबतीत ती सिद्ध झालेली नाही.

दुधाची ॲलर्जी ही यातली खरी पण वेगळी बाब. ती मुख्यतः लहान मुलांत आढळते आणि पुष्कळांची मोठेपणी जाते. तिच्यात अंगावर पित्त उठणे, उलटी, धाप अशी लक्षणे दिसतात. सोबत नाकही वाहू शकते, पण केवळ नाकाचीच तक्रार असणे दुर्मिळ. दूध न पचणे म्हणजे लॅक्टोज-असहिष्णुता, हा तर आतड्याचा प्रश्न. पोट फुगते, जुलाब होतात; नाकाचा त्यात काही संबंध नाही. लोक या दोन्हींची सर्रास गल्लत करतात.

12 आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या सायनसच्या दाहावर मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा हे मुख्य उपाय आहेत. दूध सरसकट बंद करणे त्यांत मोडत नाही. ज्याला संशयच असेल त्याने दोनेक आठवडे सर्व दुग्धजन्य पदार्थ थांबवावेत, बाकी काही बदलू नये, आणि मग पुन्हा सुरू करून पाहावे. पुन्हा सुरू करणे हाच भाग बहुतेक जण गाळतात. भर सर्दीत हा प्रयोग करून तर काहीच कळत नाही, कारण साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय न प्यायलेल्या दुधाला मिळते. लहान मुलांचे दूध डॉक्टरांना न विचारता तोडणे धोक्याचे आहे: त्यांचे कॅल्शियम, प्रथिने आणि उष्मांक बऱ्याच अंशी त्यातूनच येतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात छातीतला कफ खरोखरच घट्ट असतो, म्हणून पालक दूध टाळू पाहतात. पण याच मुलांना इतरांपेक्षा जास्त उष्मांकांची गरज असते.