‘बॅड’ कुठे आणि ‘पुअर’ कुठे?

मराठीत बातमी वाईट असते, रस्ता खराब असतो, गणित कच्चे असते आणि नजर कमजोर असते. यातला कोणता शब्द कोणत्या नामाला लागतो हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, तरीही कोणी ‘कच्ची नजर’ म्हटले तर ते लगेच खटकते. इंग्रजी नामांच्या बाबतीत आपला कान तेवढा तयार झालेला नसतो. ‘बॅड’ आणि ‘पुअर’ या दोन्ही शब्दांना शब्दकोशात ‘वाईट, खराब’ असे जवळजवळ सारखेच अर्थ सापडत असल्यामुळे, नागपुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या लेखनात ‘पुअर न्यूज’ किंवा ‘पुअर हेडेक’ असे प्रयोग येऊन जातात. व्याकरणाच्या कोणत्याही नियमाने ते चूक ठरत नाहीत, मात्र इंग्रजी बोलणारा माणूस तसे बोलत नाही.

फरक नामाच्या स्वभावात आहे. काही गोष्टी असायलाच हव्या असतात, आणि त्या हव्या त्या प्रमाणात किंवा दर्जाच्या नसल्या की इंग्रजी ‘पुअर’ वापरते: हेल्थ, आयसाइट, क्वालिटी, परफॉर्मन्स, अटेंडन्स, प्लॅनिंग, व्हिजिबिलिटी. या सगळ्यांना मोजता येते, निदान कमी-अधिक ठरवता तरी येते, आणि ‘पुअर’ म्हणजे त्या मापावर खाली पडलेले. ‘बॅड’ हा शब्द मोजमापाचा नसून अनुभवाचा आहे. जे अप्रिय आहे, अपाय करते किंवा मनाला लागते, ते ‘बॅड’: न्यूज, ड्रीम, स्मेल, लक, मूड. हिवाळ्यात दाट धुक्यामुळे विमानाला उशीर झाला तर ‘वेदर’ बॅड असते आणि ‘व्हिजिबिलिटी’ पुअर असते, कारण हवामान सोसायचे असते, तर किती दूरवरचे दिसते ते मीटरमध्ये मोजायचे असते.

‘पुअर’चे हे मोजपट्टीशी असलेले नाते अधिकृत श्रेण्यांमध्ये स्पष्ट दिसते. आपल्या देशाच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात २०१ ते ३०० या टप्प्याला ‘पुअर’ आणि ३०१ ते ४०० या टप्प्याला ‘व्हेरी पुअर’ म्हणतात; त्या संपूर्ण श्रेणीत ‘बॅड’ हा शब्द कुठेही नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावरची भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातली कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली, तेव्हा सामनाधिकाऱ्यांनी त्या खेळपट्टीला दिलेला शेरा ‘पुअर’ असाच होता. प्रेक्षक आपसांत तिला ‘बॅड पिच’ म्हणू शकतात आणि ते इंग्रजी चुकीचे नाही. पण श्रेणी ठरवणाऱ्या अहवालाची भाषा वेगळी असते. त्याच क्रिकेटमध्ये अंधूक प्रकाशामुळे खेळ थांबला तर मात्र ‘बॅड लाइट’ म्हणतात. वर सांगितलेल्या तर्काने तिथे ‘पुअर’ यायला हवे होते, आणि वाचनाच्या संदर्भात ‘पुअर लाइट’ म्हणतातही, पण खेळाच्या परिभाषेत ‘बॅड लाइट’ रुळले आहे. असे रुळलेले प्रयोग तर्काला बांधलेले नसतात. बँकेतले बुडीत कर्ज ‘बॅड डेट’ असते आणि घराण्यांमधले जुने वैर ‘बॅड ब्लड’ असते. तिथे ‘पुअर’ बसवता येत नाही.

‘बॅड’चे आणखी एक काम आहे आणि माझ्या मते विद्यार्थ्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच होते. नाम मुळातच त्रासाचे असेल तर ‘बॅड’ त्या त्रासाची तीव्रता सांगतो. ‘अ बॅड हेडेक’ म्हणजे जोराची डोकेदुखी आणि ‘अ बॅड ॲक्सिडेंट’ म्हणजे भीषण अपघात. चांगली डोकेदुखी नावाची गोष्टच नसल्यामुळे इथे ‘बॅड’चा अर्थ ‘वाईट’ असा न राहता ‘मोठा’ असा होतो. ‘पुअर’ला हे काम अजिबात जमत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, त्याविषयी इंग्रजीत लिहिताना पूर ‘बॅड फ्लड’ होईल, आणि पाण्याच्या निचऱ्यातल्या उणिवेबद्दल लिहायचे असेल तर ‘पुअर ड्रेनेज’ म्हणावे लागेल. संत्र्याच्या बागेतल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, त्याचे कारण सांगतानाही ‘पुअर ड्रेनेज’ हाच शब्दप्रयोग येतो.

काही नामांना दोन्ही विशेषणे लागतात, पण अर्थ बदलतो, आणि तिथे खरी सावधगिरी हवी. ‘पुअर मेमरी’ म्हणजे कमजोर स्मरणशक्ती. ‘बॅड मेमरी’चा अर्थ तोही होतो आणि एखादी क्लेशदायक आठवण असाही होतो, अनेकवचनात ‘बॅड मेमरीज’ म्हटले की बहुधा दुसराच अर्थ घेतला जातो. ‘बॅड कंपनी’ म्हणजे मुलाला बिघडवणारी संगत. ‘पुअर कंपनी’ म्हणजे ज्याच्यासोबत वेळ रेंगाळतो असा माणूस. त्याच्या चारित्र्याबद्दल त्यात काहीच म्हटलेले नसते. प्रशस्तिपत्रात या दोहोंची अदलाबदल झाली तर एखाद्यावर विनाकारण डाग लागेल. याउलट ‘इन बॅड टेस्ट’ आणि ‘इन पुअर टेस्ट’ यांत फारसा फरक नाही; असभ्य विनोदाबद्दल दोन्ही चालतात.

माणसांच्या बाबतीत ‘पुअर’ अधिक निसरडा होतो. ‘द मॅन इज पुअर’ या वाक्यात त्याच्याकडे पैसा नाही एवढेच कळते. ‘द पुअर मॅन’ म्हटले तर तो निर्धन असेल किंवा नुसताच बिचारा असेल, ते संदर्भावरून ठरवावे लागते. ‘पुअर स्टुडंट’मध्ये तिसरी शक्यताही येते, ती म्हणजे अभ्यासात मागे असलेला. म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जात आर्थिक परिस्थिती सांगायची असेल तर ‘फ्रॉम अ पुअर फॅमिली’ असे लिहिणे अधिक सुरक्षित आहे. आपल्याकडे साध्या, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या माणसालाही ‘स्वभावाने गरीब’ म्हणतात, आणि तो अर्थ डोक्यात ठेवून ‘पुअर बाय नेचर’ लिहिले जाते. इंग्रजी ‘पुअर’मध्ये हा अर्थ मुळीच नाही, तिथे ‘जेंटल’ लिहावे.