दुःखात विश्वास कसा टिकला: ख्रिस्ती परंपरेची पार्श्वभूमी

घरात मृत्यू झाला, असाध्य आजार निघाला किंवा विश्वासामुळे छळ सुरू झाला, की मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, पहिले वाक्य कानी पडते ते ‘विश्वासात खंबीर राहा’. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून बहुधा वेगळेच कळते. रडायचे नाही, देवाला ‘का’ म्हणून विचारायचे नाही, मनात उठलेली शंका कुणाला कळू द्यायची नाही, असा त्याचा समज होतो. ख्रिस्ती मंडळीचा दोन हजार वर्षांचा इतिहास मात्र काही निराळे सांगतो. विश्वास टिकवणाऱ्यांत देवापुढे आक्रोश करणारे पुष्कळ होते. मोडून पडलेलेही पुष्कळ होते, आणि ते पुन्हा उभे राहिले तेव्हा कुणीतरी त्यांना हात दिलेला होता.

सुरुवात ख्रिस्ताच्याही आधीपासून करावी लागते, कारण पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या ओठी असलेल्या प्रार्थना इस्राएलाच्या होत्या. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ हा त्यांतला नेहमीचा प्रश्न. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते. संकलन करणाऱ्यांनी त्याला आशेची ओळ जोडली नाही की ते वगळलेही नाही. उपासनेच्या पुस्तकात अशा प्रार्थनेला जागा मिळाली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

यरुशलेम पडले इसवी सनापूर्वी 587 च्या सुमारास. त्या विध्वंसावरच्या विलापगीत या बायबलातल्या पुस्तकाच्या पाच अध्यायांची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस-बावीस वचने आहेत आणि ती हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी ओळीने सुरू होतात. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, अशी सहासष्ट वचने आहेत. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन याच अध्यायातले. जणू दुःखाला काही आकार यावा म्हणून कवी अक्षरांची काठी धरून चालतो. पाचव्या अध्यायात वचने बावीसच राहतात, पण वर्णक्रम सुटतो. ‘तू आमचा अगदीच त्याग केला आहेस काय’ या घालमेलीवर पुस्तक थांबते.

बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी सुरुवातीला योग्य तेच केले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. चुकले ते तोंड उघडल्यावर. तू काही पाप केले असशील, म्हणून हे भोगतो आहेस, असा त्यांचा हिशेब होता. ईयोब तर जन्मदिवसालाच शाप देतो, देवाला न्यायालयात खेचण्याची भाषा करतो. तरी पुस्तकाच्या अखेरीस देव त्या मित्रांनाच सांगतो की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे बोलला तसे यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. आजही आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे सांगणारे भेटतात, तेव्हा त्यांनी हे पुस्तक शेवटपर्यंत वाचावे असे कळकळीने वाटते.

हाच विलाप येशूच्या ओठी येतो. वधस्तंभावर त्याने ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असा टाहो फोडला. ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळो अशी प्रार्थना केली होती आणि शिष्यांना जागे राहायला सांगितले होते. त्यालाही त्या रात्री सोबत हवी होती.

प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले. रोमकरांस पत्रात तो संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम लावतो. तिथे धीरासाठी ‘हिपोमोने’ हा ग्रीक शब्द आहे. ओझ्याखाली असतानाही जागा न सोडणे, असा त्याचा भाव. त्यात ओझे हलके वाटलेच पाहिजे, अशी अट नाही.

रोमन साम्राज्यात छळ सतत आणि सगळीकडे चालू होता असे नाही. इसवी सन 64 मध्ये रोमला आग लागल्यावर नीरोने ख्रिस्ती लोकांवर आळ घेतला आणि त्यांना क्रूरपणे मारले. पण पुढची दोनशे वर्षे बहुतेक ठिकाणी धोका असायचा तो एखाद्या शेजाऱ्याच्या तक्रारीचा. सन 112 च्या सुमारास बिथुनिया (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) येथील राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्राजान याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आरोपीला तो तीनदा विचारी, तू ख्रिस्ती आहेस का? तिन्ही वेळा होकार आला तर मृत्युदंड. नकार दिला, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळला आणि ख्रिस्ताला शिव्या दिल्या, तर सुटका. हे लोक पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याला गीत गातात, असेही त्याने नोंदवले आहे.

या काळात ‘साक्षीदार’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाला प्राण देणारा हा अर्थ चिकटला. आपल्याकडचा ‘रक्तसाक्षी’ हा शब्द दोन्ही अर्थ धरून ठेवतो. स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प साधारण सन 155 मध्ये जाळला गेला. छ्याऐंशी वर्षे मी त्याची (ख्रिस्ताची) सेवा केली, त्याने माझे काही वाईट केले नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू, हे त्याचे उत्तर पुष्कळांना पाठ असते. त्याच वृत्तान्तातला दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. लोकांच्या आग्रहावरून पॉलिकार्प आधी शेतावर जाऊन लपला होता. दुसरीकडे क्विंटस नावाचा एक जण स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि श्वापदे पाहताच कच खाऊन त्याने रोमी देवतांना बळी अर्पण केला. वृत्तान्त लिहिणारी मंडळी स्पष्ट सांगते की, आपण होऊन पुढे जाणाऱ्यांची आम्ही वाहवा करत नाही. दुःख ओढवून घेण्यात विश्वासाची परीक्षा नाही, हे इतक्या लवकर लिहून ठेवले गेले.

सन 203 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला बावीस वर्षांची पर्पेतुआ मारली गेली. तिने तुरुंगात लिहिलेली टिपणे राहिली आहेत. त्यांत दर्शने आहेत, तसा अंगावर पिणाऱ्या बाळाचा घोरही आहे. बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा तुरुंगच राजवाडा झाला, असे ती लिहिते. तिच्याबरोबर फेलिसितास नावाची दासी होती. ती तुरुंगातच बाळंत झाली. कुलीन स्त्री आणि दासी हा भेद त्या काळी केवढा, पण मंडळीने त्या दोघींची नावे कायम एकत्र घेतली.

आता त्या प्रकरणाकडे येऊ, ज्याने या विषयाला सर्वात खोल वळण दिले. सन 249 मध्ये डेशियस सम्राट झाला आणि साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवतांना बलिदान करून तसा दाखला घ्यावा असे फर्मान निघाले. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. मी नेहमीच देवांना बलिदान करत आलो आहे, आणि आताही तुमच्यासमोर अर्पण करून प्रसाद चाखला आहे, अशा ठरावीक मजकुराखाली अधिकाऱ्यांच्या सह्या असत. रोमचा बिशप फेबियन जानेवारी 250 मध्येच बळी पडला. इतर अनेक ठाम राहिले. पण ढळणाऱ्यांची गर्दी त्याहून मोठी होती. कार्थेजचा बिशप सिप्रियन दुःखाने लिहितो की, संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणत होते, आणि लोक आजच उरकून घ्या अशी विनवणी करत होते. काहींनी बलिदान न करता पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. स्वतः सिप्रियन लपून राहिला आणि पत्रांतून मंडळी सांभाळू लागला, तेव्हा त्याच्यावरही टीका झाली.

छळ ओसरल्यावर हे हजारो लोक दाराशी आले. त्यांचे काय करायचे? रोममध्ये नोव्हेशियन हा धर्मगुरू म्हणाला, त्यांना प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या पवित्र भोजनात, परत घेण्याचा अधिकार मंडळीला नाही. उलट, तुरुंगात यातना सोसून आलेले काही जण सरसकट क्षमापत्रे देऊ लागले होते. तेही सिप्रियनला मान्य नव्हते. 251 साली कार्थेजला बिशपांची सभा भरली. नुसता दाखला घेतलेल्यांचा विचार एकेकाची परिस्थिती पाहून करायचा, बलिदान केलेल्यांनी दीर्घ पश्चात्ताप करायचा, पण मरणाच्या दारी असलेल्याला परत पाठवायचे नाही, असे ठरले. पुढच्या एक-दोन वर्षांत नव्या छळाची चिन्हे दिसली, तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांनाच आत घ्यावे असा निर्णय झाला. त्यामागचे कारण वाचताना आजही मन हलते: ख्रिस्तासाठी रक्त सांडा असे ज्यांना सांगायचे, त्यांना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारून कसे चालेल? सामर्थ्य दाखवा, मग जेवायला बसा, असे न म्हणता मंडळीने त्यांना आधी मेजावर बसवले. सिप्रियनचा शिरच्छेद 14 सप्टेंबर 258 रोजी झाला. तेव्हा लपलेला तो या वेळी मरणाला सामोरा गेला.

त्याच वर्षांत साम्राज्यभर महामारी फिरत होती. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याच्या पत्रात रोग्यांची शुश्रूषा करता करता मेलेल्या ख्रिस्ती भावाबहिणींचे वर्णन आहे, आणि तो त्यांचे मरण रक्तसाक्ष्यांच्या मरणाच्या तोडीचे मानतो. सन 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनच्या काळात सर्वात मोठा छळ सुरू झाला. पवित्र शास्त्राच्या प्रती जाळल्या गेल्या. 313 नंतर ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली.

मोकळीक मिळाली तरी दुःख थांबले नाही. 410 मध्ये रोम लुटले गेले आणि भक्तांचेही असे हाल का, हा प्रश्न उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्यापुढे आला. एकाच मळणीत पेंढा चुरडतो आणि दाणा मोकळा होतो, हा त्याचा दाखला. मला मात्र त्याच्या विचारांपेक्षा त्याचे शेवटचे दिवस जास्त बोलके वाटतात. 430 मध्ये हिप्पो शहराला व्हँडल सैन्याचा वेढा पडलेला असताना तो आजारी पडला. त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावली आणि पडल्या पडल्या ती वाचत रडत राहिला. एवढा मोठा पंडित, आणि शेवटी त्याला आधार झाला तो इतरांनी शतकांपूर्वी म्हटलेल्या शब्दांचा.

मधल्या शतकांतून घाईनेच जातो. 1577 च्या डिसेंबरात स्पेनमध्ये योहान ऑफ द क्रॉस याला त्याच्याच संघाच्या लोकांनी टोलेडोत कोंडले. नऊ महिने एका अरुंद खोलीत राहून त्याने कविता रचल्या. देव जवळ असल्याची जाणीव नाहीशी होणे म्हणजे देव गेला असे नव्हे, हे त्याने पुढच्या पिढ्यांना समजावले. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीचा पहिलाच प्रश्न असा: जगताना आणि मरताना तुझे एकमेव सांत्वन कोणते? मी माझा नाही, ख्रिस्ताचा आहे, हे त्याचे उत्तर. आपण देवाला किती घट्ट धरले आहे याचा त्यात उल्लेख नाही. त्याने आपल्याला धरले आहे, एवढेच आहे.

जपानची कथा मात्र सविस्तर सांगायला हवी. तिथे ख्रिस्ती संदेश 1549 मध्ये फ्रान्सिस झेवियरने नेला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर मारले, 1614 मध्ये देशभर बंदी आली, आणि पुढे धर्मगुरू एकही उरला नाही. संशयितांना येशूच्या किंवा मरियेच्या कोरीव प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी पाय ठेवला, आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. धर्मगुरू नसताना मनापासून पश्चात्ताप कसा करावा, हे शिकवणारी एक पुस्तिका 1603 मध्येच तयार झाली होती. तिच्या हस्तलिखित प्रती लपवून पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. मुलांचा बाप्तिस्मा गावातलीच माणसे करत. त्यांना दुबळे म्हणावे की दृढ? मला तरी सिप्रियनच्या दाराशी आलेली माणसे आठवतात. फरक एवढाच की इथे दार उघडायलाही कुणी नव्हते.

17 मार्च 1865 रोजी नागासाकीतल्या नव्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले. तिथल्या फ्रेंच धर्मगुरूजवळ एका स्त्रीने हळूच सांगितले की आमचे हृदय तुमच्यासारखेच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठे आहे असे विचारले. अडीचशे वर्षांनी दार सापडले होते. बंदी अजून होतीच. त्यांच्या उराकामी गावातल्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले, सहाशेवर माणसे मेली. 1873 मध्ये परतलेले लोक त्या काळाला ‘प्रवास’ म्हणत. जिथे त्यांच्या पूर्वजांना प्रतिमेवर पाय ठेवायला लावत, ती गावच्या मुखियाची जागा त्यांनी विकत घेतली आणि 1895 पासून तिथे कॅथेड्रल बांधायला घेतले.

9 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब पडला तो या कॅथेड्रलपासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मेले असे सांगितले जाते. त्याच नोव्हेंबरात ढिगाऱ्याजवळ झालेल्या स्मरणोपासनेत, पत्नी गमावलेले डॉक्टर ताकाशी नागाई यांनी या मृत्यूंना देवाला वाहिलेले होमार्पण म्हटले. काही शोकग्रस्तांना त्या शब्दांनी आधार दिला. काहींना ते सोसवले नाहीत, आणि तो वाद पुढे बरीच वर्षे चालला. ईयोबाच्या राखेतला प्रश्न पुन्हा राखेतच विचारला जात होता. माणसे मात्र ढिगारा उपसत राहिली. कॅथेड्रलच्या दोन घंटांपैकी एक न फुटता सापडली. त्यांनी ती लाकडांच्या तिकाटण्याला टांगली आणि 24 डिसेंबरच्या रात्री वाजवली.