रॅक वजनाने मोडत नाही

घरी बनवलेला सायकल-रॅक तयार झाला की त्याची परीक्षा बहुतेक जण एकाच पद्धतीने घेतात. रॅक गाडीच्या मागे लावायचा, त्यावर उभं राहायचं, दोन उड्या मारायच्या. वाकला नाही ना? मग चढवा सायकली. या परीक्षेतून एवढंच कळतं की रॅक आज मोडणार नाही. असे रॅक मोडतात ते काही महिन्यांनी, तेही बऱ्याचदा बऱ्यापैकी रस्त्यावर, आणि त्या वेळी त्यांच्यावरचं ओझं त्या उड्या मारणाऱ्या माणसापेक्षा कमी असतं. असं का होतं हे समजून घेतलं, तर पाइप कापायच्या आधीच निम्मे निर्णय बदलतात.

आधी साधा हिशोब करू. गाडीच्या मागच्या हिचमध्ये (गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या, मागे ओझं अडकवायच्या चौकोनी नळीत) अडकणारा, दोन सायकलींचा रॅक धरा. प्रत्येक सायकल १५ किलो, पहिली हिचपासून ४० सेंटिमीटर मागे, दुसरी ६५ सेंटिमीटर मागे. रॅकचं स्वतःचं वजन १२ किलो, ते साधारण ४५ सेंटिमीटरवर केंद्रित झालेलं. हिचच्या तोंडाशी जो जोड आहे, त्याला हे ४२ किलो नुसते उचलायचे नसतात, तर वाकू न देता तोलून धरायचे असतात. प्रत्येक वजनाला त्याच्या मीटरमधल्या अंतराने गुणून बेरीज केली आणि किलोचे न्यूटन करायला तिला ९.८ने गुणलं, की उत्तर येतं सुमारे २०७ न्यूटन-मीटर. यालाच आघूर्ण म्हणतात. या बेरजेत दुसऱ्या सायकलचा वाटा पहिलीच्या दीडपटीहून जास्त आहे, वजन तेच असूनही. म्हणून जड सायकल नेहमी गाडीच्या बाजूला लावायची आणि हलकी बाहेर. इलेक्ट्रिक सायकल असेल तर बॅटरी काढून गाडीत ठेवायची.

आता पाइप. ४० × ४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप या कामात खूप वापरला जातो. त्याचं मीटरभराचं वजन साडेतीन किलोच्या आसपास. तेवढ्याच वजनाचा भरीव चौकोनी गज घेतला तर तो जेमतेम २१ मिलिमीटर जाडीचा भरेल आणि वाकण्याविरुद्धची त्याची ताकद पाइपच्या एक तृतीयांशाहूनही कमी असेल. वाकताना सगळा भार वरच्या आणि खालच्या कडांवर येतो, मधलं लोखंड जवळजवळ फुकट बसून असतं. त्यामुळे ‘भरीव म्हणजे मजबूत’ ही समजूत इथे उपयोगाची नाही.

या पाइपवर आपलं २०७ न्यूटन-मीटरचं आघूर्ण लावलं, तर वरच्या कडेवर सुमारे ४१ मेगापास्कल (म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ४१ न्यूटन) ताण येतो. साधं पोलाद कायमचं वाकायला साधारण २५० मेगापास्कल लागतात. गाडी गतिरोधकावरून जोरात आपटली आणि भार क्षणभर तिप्पट झाला, तरी ताण सव्वाशेच्या आतच. कागदावर हा रॅक दुप्पट मजबूत आहे. आणि तरीही तो मोडू शकतो.

या कोड्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या इंजिनिअरांची झोप उडवली होती. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमा करून सुखरूप परतलेला दर्यावर्दी ड्युमाँ द्युर्व्हिल त्यांत होता. अशा आसांवर अतिरिक्त वजन नसायचं. रोजचंच वजन, पण आस फिरत असल्यामुळे त्याची प्रत्येक बाजू एकदा ताणली जायची, एकदा दाबली जायची, लाखो वेळा. पुढे ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने १८५० आणि १८६०च्या दशकांत आसाचे नमुने यंत्रावर फिरवून फिरवून तोडले आणि दाखवून दिलं की धातू किती ताणाला तुटेल, हे तो ताण किती वेळा येतो यावर अवलंबून असतं. एका झटक्यात जो ताण धातू सहज पचवतो, तोच पुन्हा पुन्हा आला की एखाद्या कोपऱ्यात बारीक तडा जन्म घेतो आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी किंचित पुढे सरकतो. यालाच धातूची थकावट म्हणतात.

रॅकचं गणित नेमकं असंच आहे. रस्त्यावर तो सेकंदाला पाचेक वेळा वरखाली हलतो असं धरलं, तर तासाला १८ हजार हेलकावे होतात. म्हणजे साधारण ५५ तासांच्या प्रवासात दहा लाख. प्रत्येक हेलकावा मोठा नसतो हे खरं, पण मोठेही त्यांत भरपूर असतात. उड्या मारून घेतलेल्या परीक्षेत हेलकावे किती? दोन.

थकावट सगळीकडे सारखी येत नाही. ती कमकुवत जागा शोधते, आणि घरगुती रॅकमध्ये ती जागा म्हणजे वेल्डिंगची कड. वेल्डचा टाका जिथे संपतो आणि मूळ पाइप सुरू होतो, त्या रेषेवर सूक्ष्म खाच असते. शिवाय वितळलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे तिथे कुठलाही भार नसतानाही आधीपासून ताण साठून राहिलेला असतो. म्हणून न घासलेल्या, न सुधारलेल्या वेल्डजवळ मूळ पोलाद कितीही उंची घेतलं, तरी थकावटीविरुद्ध त्याचा फारसा फायदा होत नाही. महाग पोलादापेक्षा वेल्डची जागा बदलणं जास्त उपयोगाचं.

जागा बदलायची म्हणजे कशी? आडवा पाइप मागे लटकतो तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. तडा ताणाच्या बाजूला जातो. तेव्हा हिचजवळच्या पट्ट्यात पाइपच्या वरच्या पृष्ठभागावर आडवा टाका मारायचा नाही, अगदी एखादं छोटं कडं जोडण्यासाठीसुद्धा नाही. काही जोडायचंच असेल तर बाजूच्या भिंतीवर, उंचीच्या मध्यावर जोडावं, कारण तिथे वाकण्याचा ताण जवळपास शून्य असतो. हीच गोष्ट भोकांची. उभा खांब आडव्या पाइपला जिथे मिळतो, तिथे गसेट, म्हणजे कोपऱ्याला आधार देणारा त्रिकोणी पत्रा, लावणं चांगलं, पण गसेटचं टोक निमुळतं करून अलगद संपवावं. जाड, बोथट गसेट तडा टाळत नाही, फक्त चार बोटं पुढे ढकलतो.

या सगळ्यात एक दिलासा देणारा आकडा आहे. वेल्ड केलेल्या जोडाचं आयुष्य ढोबळमानाने ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. ताण निम्मा केला की आयुष्य आठपट. त्यामुळे छोट्या वाटणाऱ्या सुधारणाही मोठं माप पदरात टाकतात. ४० मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटरचा, तेवढ्याच जाडीचा पाइप घेतला तर वजन सव्वापटीने वाढतं, पण आयुष्य चौपटीहून जास्त. आणि पाइप तोच ठेवून सगळा पसारा फक्त १० सेंटिमीटर गाडीकडे सरकवला, तरी आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. एका सायकलचं हँडल उजवीकडे आणि दुसरीचं डावीकडे केलं, पेडल योग्य कोनात फिरवून ठेवले, की दोन सायकलींमधलं अंतर बऱ्यापैकी घटतं. माझ्या मते रॅकच्या आराखड्याची सुरुवात पाइपपासून नव्हे, सायकली किती जवळ बसतात इथून व्हायला हवी. चित्र काढण्यापूर्वी त्या जमिनीवर एकमेकींना खेटून उभ्या करून बघाव्यात.

आता ढिलाई. चौकोनी नळीत सरकवायचा रॅक असेल तर दोन पाइपांमध्ये मिलिमीटरभर फट राहतेच, नाहीतर तो आत जाणारच नाही. आत गेलेला भाग १५ सेंटिमीटर असेल, तर ती एवढीशी फट अर्धा मीटर मागे तीन-चार मिलिमीटरची होऊन बसते. मग रॅक नुसता हलत नाही, प्रत्येक खड्ड्यात आपटतो, आणि आपटण्याचा भार हलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. यावरचा उपाय अगदी सोपा आहे. नळीच्या बाजूला भोक पाडायचं, त्यावर बाहेरून एक नट वेल्ड करायचा आणि त्यातून बोल्ट आवळून आतला पाइप समोरच्या भिंतीवर दाबून धरायचा. मात्र हे भोक आणि हा टाका हिचच्या मूळ सांगाड्यावर नको. आपण बनवलेल्या भागात करता येत असेल तरच करा, नाहीतर दोन्ही पाइपांना मिळून आवळणारी यू-आकाराची पट्टी वापरा.

रॅक किती ‘मऊ’ आहे हे पट्टीने मोजता येतं. रिकामा असताना त्याच्या मागच्या टोकाची उंची बघा, मग सायकली लावून पुन्हा बघा. उंची जमिनीपासून नव्हे, बंपरला बांधलेल्या एखाद्या काठीच्या मानाने मोजा, कारण वजन आलं की गाडीचे स्प्रिंगही दबतात. १६ या आकड्याला, रॅक जितके मिलिमीटर झुकला त्याच्या वर्गमुळाने भागलं, की रॅक सेकंदाला साधारण किती वेळा हेलकावे खाईल ते मिळतं. ४ मिलिमीटर झुकला तर आठ वेळा, १६ मिलिमीटर झुकला तर चार वेळा. गाडीचं धड स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा डोलतं आणि चाकं दहा ते पंधरा वेळा थरथरतात. रॅक या दोन्हींपासून दूर राहिलेला बरा, नाहीतर झोका वाढतच जातो. गंमत म्हणजे आपला ४० मिलिमीटरचा पाइप त्या वजनाखाली स्वतः जेमतेम एक मिलिमीटर वाकतो. झुक त्याहून बरीच जास्त आली, तर ती जोडांची, हिचची किंवा फटीची आहे, आणि आणखी जाड पाइप घालून ती जाणार नाही.

नट-बोल्ट वापरणाऱ्यांना वाटतं की आपण थकावटीतून सुटलो. काही अंशी खरंही आहे, पण त्यांची दुखणी वेगळी. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९मध्ये दाखवलं की बोल्टला आडवा कंप बसला आणि जोडलेले भाग एकमेकांवर किंचित सरकू लागले, की नट आपोआप उलटा फिरतो. नुसता स्प्रिंग वॉशर टाकून हे थांबत नाही. भाग सरकूच नयेत इतका बोल्ट आवळणं हाच खरा इलाज, आणि जोडीला नायलॉनचं कडं असलेला नायलॉक नट. अशा नटांना साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता चालते, त्यामुळे सायलेन्सरच्या अगदी जवळ ते नकोत. १० मिलिमीटर व्यासाचा, ८.८ ग्रेडचा (हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) एक बोल्ट सरळ ओढीत साडेचार टनांच्या आसपास भार घेतो. म्हणजे बोल्ट तुटण्याची काळजी करू नका, तो सैल होण्याची करा.

डिकीच्या दारावर पट्ट्यांनी बांधायचा रॅक हा वेगळा प्रकार. तिथे खालचे पाय बंपरला रेटतात आणि वरचा पट्टा ओढतो. पायांपासून वरचा हुक ६० सेंटिमीटर उंच असेल आणि आघूर्ण १५० न्यूटन-मीटर असेल, तर आडवी ओढ २५० न्यूटन येते. पण पट्टा उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर त्यात थेट ५०० न्यूटन ताण बसतो, म्हणजे ५१ किलो वजन टांगल्यासारखा. पट्टा जितका उभा, तितका ताण जास्त. शिवाय हा सगळा जोर दाराच्या पातळ पत्र्याच्या कडेवर येतो. नायलॉनचा पट्टा पावसात भिजला की लांबतो, पॉलिएस्टरचा त्यामानाने जागचा हलत नाही. खरं सांगायचं तर हा प्रकार घरी बनवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

पीव्हीसीच्या नळ्यांचा रॅक तर करूच नये. हे प्लास्टिक ८० अंशांच्या आसपास पार मऊ होतं, त्याच्या कितीतरी आधी लुळं पडायला लागतं आणि थंडीत ठिसूळ होतं. सायकलचं चाक टेकवायच्या पन्हाळीपुरतं ते ठीक. लाकडाचा नमुना मात्र जरूर करावा, मापं चुकली तर लाकूड परत कापता येतं. जस्त चढवलेला पाइप वेल्ड करायचा असेल तर आधी जस्त घासून काढा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायच्या फार आधी, आणि त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. सायकलचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हेही बघायचं. लांबच्या प्रवासात टायर त्या झोताने वितळतात.

गाडीची बाजूही विसरून चालत नाही. मागे लटकणारं वजन तरफेसारखं काम करतं. अडीच मीटर लांबीच्या चाकांतराच्या गाडीत, मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आपले ४२ किलो टांगले, तर मागच्या चाकांवर ६२ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २० किलो कमी होतात. हिचवर उभ्या भाराची जी मर्यादा लिहिलेली असते, तीत रॅकचंही वजन धरायचं असतं. आणि मागचे दिवे, इंडिकेटर किंवा नंबरप्लेट झाकली जात असेल तर रॅकवर दुसरी दिव्यांची पट्टी लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

रॅकला रंग फिकट द्या, पांढरा असेल तर उत्तम. काळ्या रंगावर तडा दिसत नाही. पांढऱ्यावर वेल्डच्या कडेने गंजाची केसाएवढी तपकिरी रेघ उमटली की ती लांबूनही कळते. शंका आली तर रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी वापरत तीच युक्ती करता येते. त्या जागेचा रंग खरवडून काढायचा, तिथे रॉकेल लावून ते मुरू द्यायचं, मग कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसायचं आणि वरून खडूची पूड भुरभुरवायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली, काळपट रेघ काढतं. हिचजवळच्या जोडावर अशी रेघ निघाली तर तिच्यावरून नुसता नवा टाका ओढू नका, तडा आत तसाच राहतो. तो भाग कापून टाका आणि नवा पाइप बसवा.