रक्तवाहिन्या दगड का होत नाहीत?

तपासणीच्या अहवालात ‘कॅल्सिफिकेशन’ (ऊतींत कॅल्शियमचे क्षार साचणे) असे लिहून आले, की अनेक जण प्रथम दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करतात. नळात क्षार साचावेत तसे खाल्लेले कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साचते, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते, की एकदा स्फटिकाचे बीज तयार झाले तर तो वाढतच जावा. तेव्हा मऊ ऊती कडक का होतात यापेक्षा एरवी त्या मऊ कशा राहतात, हाच खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शरीराच्या अटकावात आहे. दोन फॉस्फेट जोडून बनलेला पायरोफॉस्फेट हा लहानसा रेणू स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि त्याची वाढ थांबवतो. हाडांत मात्र अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर त्याचे तुकडे करते. त्यामुळे अटकाव दूर होतो आणि स्फटिकासाठी लागणारे फॉस्फेटही तिथेच मिळते. यकृतात तयार होणारे फेट्यूइन-ए हे प्रथिन रक्तातील सूक्ष्म खनिजकणांना वेढून विरघळलेल्या स्थितीत ठेवते, तर मॅट्रिक्स ग्ला प्रथिन रक्तवाहिनीच्या भिंतीतच काम करते. या शेवटच्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले उंदीर व्यवस्थित जन्मले, पण त्यांच्या धमन्यांत कॅल्शियम साचून त्या फुटल्या आणि ते दोन महिन्यांच्या आत मेले, असे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले.

मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात रक्तातील फॉस्फेट वाढते, तेव्हा धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी आकुंचनाचे मूळ काम सोडून हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. त्यांनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत पहिले स्फटिक बनतात आणि पुढे ते इलॅस्टिन व कोलॅजेनच्या तंतूंवर बसतात. तंतूंची लवचिकता गेली, की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमनी पुरेशी फुगत नाही, वरचा रक्तदाब वाढतो आणि डाव्या जवनिकेवर, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्यावर, ताण येतो. क्षयाच्या जुन्या व्रणात साचणारे कॅल्शियम वेगळे: तिथे ऊती आधीच मृत असतात, रक्तातील कॅल्शियम सामान्य असते आणि तो डाग बहुधा रोग शमल्याची खूण असतो.

व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पिऊन हे साठे विरघळतात, हा समाजमाध्यमांवरचा दावा निराधार आहे. काहीही प्यायले तरी रक्ताचा सामू शरीर 7.35 ते 7.45 च्या दरम्यान राखते; आणि स्फटिक विरघळण्याइतके रक्त आम्ल झालेच, तर हाडेही त्यातून सुटणार नाहीत.