रक्त थांबलं म्हणजे माज संपला?

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. तासगाव तालुक्यातल्या मामांच्या द्राक्षबागेत राखणीला राणी नावाची कुत्री आहे. आई कारवानी, बापाचा पत्ता नाही, वय तेव्हा जेमतेम वर्षाचं. गणपती बसले त्याच दिवशी पडवीत रक्ताचे थेंब दिसले. "राणीला कावळा शिवला," मामी हळूच म्हणाली आणि तिला गोठ्यामागच्या खोलीत बांधून आली. मामांचं निदान वेगळं होतं. "रगत दिसलं न्हवं, म्हंजे माज हून गेला. आता कशाची भीती?"

दहा दिवस गल्लीतली कुत्री बांधावर ठिय्या देऊन होती, पण जवळ येणाऱ्यावर राणी दात काढायची. अनंत चतुर्दशीला रक्त जवळजवळ थांबलं. मामीने तिला आंघोळ घातली, मामांनी साखळी सोडली. तिसऱ्या दिवशी राणी उसाच्या कडेला एका पांढऱ्या कुत्र्याशी अडकलेली दिसली.

मी सांगलीत जीवशास्त्र शिकवते, तरी मला ही चूक बघून हसू आलं नाही. दोघांनीही आपल्या अनुभवाला धरूनच विचार केला होता. मामीचा अनुभव बाईच्या पाळीचा, मामांचा गाईचा. कुत्रीचं शरीर मात्र या दोघींपेक्षा वेगळ्या हिशोबाने चालतं.

बाईच्या गर्भाशयात दर महिन्याला आतला थर जाड होतो. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि तो थर गळून पडतो. म्हणजे बीज सुटून साधारण दोन आठवडे झाल्यावर रक्त. गाईत, त्यातही कालवडीत, माज ओसरल्यावर एक ते तीन दिवसांनी शेपटीला थोडं रक्त लागलेलं दिसतं. ते बघून रेतन करायची वेळ टळली हे मामा अचूक ओळखतात. कुत्रीत मात्र रक्त आधी येतं. बीजकोशातून इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक वाढत जातं, गर्भाशयाच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या तटतटतात आणि त्यांतून तांबड्या पेशी झिरपतात. थर गळत नाही, काही वाया गेलेलं नसतं. ती पूर्वतयारी असते. म्हणून कुत्रीच्या माजाला पाळी म्हणणंच मुळात फसवं आहे.

ही पूर्वतयारी सरासरी नऊ दिवस चालते, पण सरासरीवर विसंबू नये. एखादीत तीन दिवसांत उरकते, एखादीत सतरा दिवस लागतात. या काळात योनीचा बाहेरचा भाग सुजून टणक होतो, कुत्री सारखी चाटत बसते, फिरायला नेलं की जागोजागी थोडंथोडं मुतते. त्या मुतातल्या वासाचा निरोप गावभर जातो. कुत्रे येतात, ती त्यांना हुसकावते.

मग इस्ट्रोजेन उतरायला लागतं आणि, इथे कुत्रीची खरी गंमत आहे, प्रोजेस्टेरॉन बीज सुटायच्या आधीच चढायला लागतं. गाईत ते बीज सुटल्यानंतर चढतं. एक उतरणं आणि दुसरं चढणं या सांध्यावर कुत्रीचा स्वभाव पालटतो. कालपर्यंत चावणारी आज शेपटी एका अंगाला धरून उभी राहते. कमरेवर, शेपटीच्या बुडाशी हात ठेवला तरी शेपटी वळवते. सूज टणक होती ती मऊ पडते, स्राव कोकमाच्या सरबतासारखा फिकट होतो. हा खरा माज, आणि तोही आणखी सरासरी नऊ दिवस. काही कुत्र्यांत स्राव शेवटपर्यंत लालच राहतो, त्यामुळे रंगापेक्षा शेपटीवर विश्वास ठेवावा. साखळी सुटली ती नेमकी या दिवसांत.

त्यात आणखी एक वैशिष्ट्य. बहुतेक सस्तन प्राण्यांत बीज सुटतं तेव्हा ते फलनाला तयार असतं. कुत्रीचं बीज कच्चं सुटतं आणि बीजवाहिनीत पक्व व्हायला त्याला दोन-तीन दिवस लागतात. उलट कुत्र्याचे शुक्राणू तिच्या शरीरात पाच-सात दिवस सहज तग धरतात. एकच दिवस नजर चुकली तरी पुरतं ते यामुळे. आणि एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात तेही यामुळेच. राणीच्या सहा पिल्लांत दोन पांढरी, तीन तपकिरी आणि एक अगदी काळं निघालं. त्याचा अर्थ काय लावायचा ते बांधावरच्या मंडळींनाच ठाऊक. नुसत्या रंगावरून बाप ठरत नाही, हेही खरं.

अडकलेल्या जोडीवर पाणी ओतणं, काठी मारणं, ओढून काढणं हा आपल्याकडचा जुना उद्योग. कुत्र्याच्या लिंगाच्या मुळाशी एक गाठ फुगते आणि ती उतरेपर्यंत जोडी सुटत नाही. पाच मिनिटं लागतील, कधी अर्धा तासही. शुक्राणूंचा मुख्य हिस्सा त्याआधीच आत गेलेला असतो. त्यामुळे ओढून गर्भ टळत नाही, दोघांना इजा मात्र होते. नको असलेल्या गर्भासाठी काही ठिकाणी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन देत. त्याने अस्थिमज्जा निकामी होऊ शकते, गर्भाशयात पू होऊ शकतो. माज पुढे ढकलायची हार्मोनची इंजेक्शनंही याच रांगेतली, पू आणि स्तनाच्या गाठी मागे लावणारी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून असलं काही आणू नये.

मग सांभाळायचं कसं? पहिला थेंब दिसला तो दिवस कालनिर्णयवर लिहावा आणि तिथून पुरते चार आठवडे मोजावेत. तीन आठवड्यांत बहुतेकींचा माज संपतो, चौथा आपल्या मनःशांतीसाठी. अंगणात साखळीने बांधणं म्हणजे सांभाळणं नव्हे. बांधलेल्या कुत्रीला पळताही येत नाही, आणि कुंपणावरून उडी मारायला आलेला कुत्रा साखळी बघून परत जात नाही. दार लागणारी खोली हवी. फिरवायला स्वतः दोरी धरून न्यावं, भल्या पहाटे किंवा भर दुपारी. घरात तिचा सख्खा भाऊ किंवा बाप असेल तर तोही वेगळा ठेवावा, त्यांच्यात नातं पाळलं जात नाही. पोराची जुनी चड्डी शेपटीला भोक पाडून घातली तर फरशी स्वच्छ राहते, त्याहून जास्त काही होत नाही. शेपटीला बाम किंवा निलगिरी चोळणं व्यर्थच. कुत्र्याचं नाक त्याने फसत नाही आणि कुत्री ते चाटत बसते. आंघोळीचंही तेच, वास मुतात असतो.

पहिला माज साधारण सहा महिने ते वर्षभरात येतो, थोराड जातींत दीड-दोन वर्षंही लागतात. पुढे सहा-सात महिन्यांनी. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी असतो हे 'भादव्यातलं कुत्रं' म्हणणाऱ्या आपल्या माणसांनी कधीच हेरलंय. जयपूर आणि बंगालमधल्या अभ्यासांतही पिल्लांची गर्दी हिवाळ्यातच दिसली. घरात पाळलेली कुत्री मात्र कुठल्याही महिन्यात माजावर येते. काही जणी इतकं चाटून साफ करतात की मालकाला थेंबही दिसत नाही. संशय असेल तर पांढऱ्या फडक्याने टिपून बघावं. म्हातारपणीही माज कायमचा थांबत नाही, दोन माजांमधलं अंतर तेवढं वाढतं.

वेळेबाहेर रक्त दिसलं तर दुसरी एक शंका घ्यावी. समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा एक कर्करोग आहे. इथे जंतू लागत नाही, गाठीच्या जिवंत पेशीच नव्या शरीरात रुजतात. ज्या कुत्र्यात ही गाठ पहिल्यांदा झाली ते हजारो वर्षांपूर्वी मेलं, त्याच्या पेशी आजही आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या अंगावर वाढताहेत. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ आणि टपटपणारं रक्त, लोकांना वाटतं माज लांबला. सुदैवाने व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी ती बहुतेकदा पूर्ण बरी होते. हे औषध मिळतं सदाफुलीपासून, त्याच सदाफुलीपासून जी मामीच्या तुळशीशेजारी उगवलीय.

माज सरल्यावर गर्भ असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन सुमारे दोन महिने चढंच राहतं. काही कुत्र्या यात फसतात: सडांना दूध येतं, चप्पल पिल्लासारखी कुशीत घेऊन बसतात. दूध पिळू नये, पिळलं की आणखी येतं. दोन-तीन आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतं. खरी धास्ती पायोमेट्राची, म्हणजे गर्भाशयात पू होण्याची. माजानंतर एक ते दोन महिन्यांत कुत्री अचानक बादलीभर पाणी पिऊ लागली, मलूल झाली, खाईना, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. योनीतून पू आला तर निदान कळतं तरी. तोंड बंद असलेल्या गर्भाशयात तो आतच साचतो आणि जीव जातो. स्वीडनमध्ये नसबंदीची फारशी रीत नव्हती तेव्हाच्या विम्याच्या नोंदींत दहा वर्षांची होईपर्यंत सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांना हा आजार झालेला आढळला.

पिल्लं नको असतील तर नसबंदीचं ऑपरेशन हाच पक्का उपाय. "एकदा तरी व्यायला पाहिजे" याला आरोग्याच्या दृष्टीने काही आधार नाही. थोराड जातीत फार लवकर करू नये, सांध्यांच्या वाढीवर परिणाम होतो. माज चालू असताना शक्यतो टाळावं, तिथल्या रक्तवाहिन्या तेव्हा फुगलेल्या असतात. दोन माजांच्या मधला काळ बरा.

राणी त्रिपुरी पौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी व्याली. पुढचा माज फाल्गुन-चैत्रात, म्हणून पिल्लं सुटल्यावर माघात ऑपरेशन करायचं ठरलं. मामांनी म्हशींच्या माजाच्या तारखा असतात त्याच पानावर ती तारीख लिहिली. मग थोडा वेळ पेन हातात धरून विचारलं, "आन् त्या पांढऱ्याचं बी करता येतंय का गं?"

येतं म्हटलं. तो कुणाचा आहे ते शोधायला मामा त्याच संध्याकाळी बाहेर पडले.