अर्ध्या किलोचा धसका

परवा सकाळी सातलाच मावसबहिणीचा फोन आला. तीन आठवडे झाले, ती नेटानं डाएट करते आहे. "ताई, काल रात्री फक्त दोन वाट्या पाकिटातलं सूप प्यायले, दोन मसाला खाकरे आणि थोडं लोणचं खाल्लं, तरी काटा अर्धा किलो वर!" त्या भीतीनं ती दुपारचं जेवण सोडायला निघाली होती.

हिशेब करून बघा. शरीरात एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे अर्ध्या किलोला ३,८००च्या वर. सूप-खाकऱ्यात त्या येणार कुठून? तिचं वाढलं होतं ते पाणी, आणि ते अडवून ठेवलं होतं पाकिटातल्या मिठानं.

तिला सुपाच्या पाकिटाची मागची बाजू वाचायला सांगितली. एका वाटीला सोडियम ७०० मिलिग्रॅम. "म्हणजे एक ग्रॅमसुद्धा मीठ नाही," ती म्हणाली. इथेच बहुतेकांची फसगत होते. आपल्याकडच्या पाकिटांवर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियमचा अणुभार २३, क्लोरीनचा ३५.५, त्यामुळे मिठाच्या वजनात सोडियम जेमतेम ४० टक्के. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मिठाचा आकडा मिळतो. दोन वाट्यांचं साडेतीन ग्रॅम झालं, खाकरा-लोणच्याचं वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, तेही सगळं धरून.

आता हे मीठ आत गेल्यावर काय होतं, ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. रक्तातलं सोडियम शरीर अत्यंत काटेकोरपणे सांभाळतं, लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक). खारट खाल्ल्यावर रक्तद्रवाची तीव्रता एखाद-दोन टक्क्यांनी जरी वाढली, तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं. तो दोन गोष्टी करतो. तहान लावतो, आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतो. तीव्रता पूर्ववत होते, पण पाणी वाढवून. सलाइनच्या बाटलीत लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं, कारण त्या प्रमाणात ते रक्ताशी मिळतंजुळतं होतं. म्हणून साडेचार ग्रॅम मीठ शरीरात राहिलं, तर त्याच्यासोबत साधारण अर्धा लिटर पाणी राहतं. सगळं मीठ इतक्या चोख हिशेबानं वागत नाही, पण अंदाजाला हे पुरतं.

मग हे जादा मीठ बाहेर कसं जातं? दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या गाळात जवळजवळ दीड किलो मीठ असतं! त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त सूक्ष्मनलिका परत रक्तात ओढून घेतात. शेवटच्या टप्प्यावर किती ओढायचं, हे बऱ्याच अंशी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक ठरवतं. शरीरातलं पाणी वाढलं की त्याचं प्रमाण उतरतं. शिवाय रक्ताचं आकारमान वाढून हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले, की हृदय स्वतःच एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडांना मीठ टाकून द्यायला लावतं. १९८१ साली कॅनडात आदोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या त्याच कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भराभर जाऊ लागलं. हृदय हा नुसता पंप नाही, ती ग्रंथीही आहे, हे त्यातून उलगडलं. पण ही सगळी यंत्रणा सावकाश चालते. एका रात्रीचं मीठ पुरतं निघायला दोन-तीन दिवस लागतात, आणि काटा तोवर वर राहतो.

यात जिभेवर भिस्त ठेवता येत नाही. वेफरवरचं मीठ पृष्ठभागावर असतं, लाळेत लगेच विरघळतं, म्हणून खारट लागतं. पावातलं मीठ आत अडकलेलं असतं, ते जाणवतही नाही. खाण्याच्या सोड्यात वजनाच्या २७ टक्के सोडियम आहे, आणि तो खारट म्हणून जिभेला ओळखूच येत नाही. पापडखारही त्याच कुळातला.

आणि सैंधव किंवा गुलाबी मीठ वापरलं की चालतं, हा समज कृपया सोडा. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. त्यातल्या ज्या खनिजांची जाहिरात होते, ती चिमूटभर मिठात नगण्य असतात, आणि आयोडीन मिसळलेलं नसेल तर ते मात्र हातचं जातं.

बहिणीला मी जेवण सोडू दिलं नाही. पुडीतला मसाला निम्मा घाल, उरलेली चव लिंबू, मिरपूड, कोथिंबिरीनं भागव, आणि काटा रोज न बघता आठवड्यातून एकदा बघ, इतकंच सांगितलं. कमी मिठाची सवय जिभेला काही आठवड्यांत होते. तिनं लगेच विचारलं, कमी सोडियमचं मीठ आणू का? त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम असतं. तिला स्वतःला ते चालेल. पण काकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि अशा काही गोळ्या शरीरात पोटॅशियम साठवतात. मूत्रपिंडं कमजोर असतील तर धोका आणखी वाढतो. घरात मिठाचा डबा एकच, म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत तो बदलायचा नाही, असं ठरलं.